दोन कबरी आणि एक राजोद्यान

औरंगजेब बादशहा आणि त्याची पट्टराणी दिलरसबानू बेगम यांच्या कबरी आमच्या मराठवाड्यात एकमेकींपासून सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या अंतरावर आहेत, आणि त्या दोहोंतील भेद इतका ठसठशीत आहे की, धर्मविचाराची थोडीबहुत आवड असलेल्या माणसाला त्यावर एखादे प्रवचन रचण्याचा मोह सहसा आवरत नाही. राणी निजली आहे ती चार भागांत रेखलेल्या, कारंज्यांच्या रांगांनी दुभंगलेल्या आणि उंच तटाने वेढलेल्या राजोद्यानात. बादशहा निजला आहे तो खुल्दाबादेस, शेख जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात, डोक्यावर छत नसलेल्या एका मातीच्या वाफ्याखाली. पहिले स्मारक भोगाचे आणि दुसरे वैराग्याचे, सबब पहिल्याकडे कौतुकाने पाहावे आणि दुसऱ्यापुढे मान लववावी, असा निवाडा शालेय सहलींच्या मास्तरांपासून विद्वान प्रवाशांपर्यंत बहुतेकांनी देऊन टाकलेला आहे. मला तो निवाडा मान्य नाही. दप्तरातील कागद चुकीच्या रुमालात बांधले गेले की पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा शोध लागत नाही, तसे काहीसे या दोन कबरींचे झाले आहे.

सेनगाव तालुक्यातील आमच्या गोरेगावासारख्या, काळ्या जमिनीच्या आणि बेभरवशाच्या पावसाच्या गावात ज्याचा जन्म गेला त्याला राजोद्यान या वस्तूविषयी मुळातच थोडा संशय असतो. आमच्याकडे पाणी म्हणजे ज्वारी, कापूस, हळद. विहिरीच्या तळाशी गेलेले पाणी उपसून ते केवळ डोळ्यांच्या सुखासाठी हवेत उडवावे, ही कल्पनाच येथील माणसाला पापासारखी वाटते. माझे एक चुलते पक्के माळकरी. नर्सीला नामदेवरायांच्या दर्शनाला त्यांनी आयुष्यात कधी खंड पडू दिला नाही. त्यांना घेऊन मी राणीच्या त्या स्मारकात, म्हणजे बीबीच्या मकबऱ्यात, गेलो तेव्हा मनात हीच धास्ती होती, की हे सारे पाहून काका आता पैशांचा हिशेब मांडणार. तो त्यांनी मांडला नाही. मांडला असता तर उत्तर देणे मात्र सोपे होते, कारण इमारतीच्या खर्चाचा आकडा गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनाम्या’त सहा लक्ष अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये आणि वर सात आणे असा आण्यांपर्यंत दिलेला आहे. मृत्यूसारख्या अगणित वस्तूच्या स्मारकाचा जमाखर्च कोण्या कारकुनाने सात आण्यांपर्यंत लिहून ठेवावा, याचे मला हसूही येते आणि त्या कारकुनाविषयी आदरही वाटतो.

दक्षिणेकडील महाद्वारातून आत शिरताच वास्तू समोर दिसते, पण हाती लागत नाही. सुमारे साडेचारशे मीटर लांब आणि पावणेतीनशे मीटर रुंद अशा त्या आवारात मधोमध पाण्याचा लांब पाट, त्यात ओळीने कारंजी, दोहो बाजूंस फरसबंद वाटा, वाटांच्या कडेला वृक्षराजी आणि पलीकडे हिरवळीचे चौक अशी रचना असल्यामुळे, समोरचा घुमट क्षणोक्षणी दिसत असूनही चालणाऱ्याला आपली गती आवरती घ्यावी लागते. चालता चालता तो घुमट चौथऱ्यावर हळूहळू वर उचलला जात आहे असा भास होतो, मनोरे एकमेकांपासून दूर सरकतात, आणि मागच्या डोंगराची निळसर रेघ, जी द्वारापाशी घुमटाच्या खांद्याशी होती, ती जवळ जाताच नाहीशी होते. हे सारे योजून केलेले आहे. वास्तुकार अताउल्ला आणि त्याच्यासोबतचा हंसपतराय, ज्यांची नावे या वास्तूच्या द्वारावर कोरलेली आहेत, त्यांनी प्रेक्षकाच्या पावलांचाही आराखडा केला होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अताउल्ला हा ताजमहालाचा वास्तुकार म्हणून ख्यात असलेल्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. बापाच्या कृतीशी मुलाच्या कृतीची तुलना करून ‘गरिबांचा ताज’ म्हणण्याची जी चाल पडली आहे ती मला आळशीपणाची वाटते. तुलना करणाऱ्याची नजर घुमटावर खिळलेली असते आणि तो ज्या बागेतून चालत आला ती त्याने पाहिलेलीच नसते.

संगमरवर पुरा पडला नाही, हे मात्र खरे. फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये याला सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना वाटेत संगमरवराने भरलेल्या तीनशेच्या आसपास गाड्या आढळल्या, आणि त्यांतील लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. एवढे करूनही भिंतींचा खालचा भाग आणि घुमट तेवढे संगमरवरी झाले आणि मधल्या भागावर चुन्याच्या गिलाव्याचे नक्षीकाम आले. त्या गिलाव्यावरची वेलबुट्टी इतकी नाजूक आहे की दगडात ती तशी उतरली असती की नाही याची मला शंका वाटते. पण तो विषय वेगळा.

मरणोत्तर सुखाचे चित्र रंगवताना अनेक धर्मांनी बागेचा आश्रय घेतला आहे. इस्लामी चारबागेत चार पाटांनी चार भाग पडतात ते स्वर्गातील पाणी, दूध, मध आणि मद्य यांच्या चार प्रवाहांच्या स्मरणार्थ, असे मानतात. आपल्याकडे इंद्राचे नंदनवन आहे, त्यात कल्पवृक्ष आहे, पारिजात आहे, आणि तो पारिजात पृथ्वीवर आणण्यावरून घडलेला कलहही आहे. वरवर पाहता दोन्ही कल्पना सारख्याच. पण त्यांच्यामधील हक्काचा भेद फार मोठा आहे. श्रद्धावान मुसलमानाला परलोकी मिळणारी बाग ही कायमची, जणू पिढीजात इनाम आहे, तिची सनद एकदा मिळाली की ती कोणी खालसा करू शकत नाही. आपल्या तत्त्वज्ञानात मात्र नंदनवन हे मक्त्याने मिळते. पुण्याचा साठा असेतोवर तेथे राहावे, तो सरला की मुकाट्याने मर्त्यलोकी परत यावे, असा गीतेचा स्पष्ट शिरस्ता आहे. आणि म्हणूनच आपल्याकडील विचारवंतांनी स्वर्गातील बागेची ओढ ही मोक्षाच्या वाटेवरील एक धर्मशाळा मानली, मुक्काम मानला नाही. मकबऱ्याच्या बागेतून चालताना ही दोन मते माझ्या मनात एकमेकांशी वाद घालू लागतात. ज्याने ही बाग आखवली त्याच्या लेखी ती शाश्वताचे प्रतिबिंब होती. मी तिच्यातून चालतो तेव्हा मला कोरडे पाट दिसतात, गप्प झालेली कारंजी दिसतात, आणि मक्त्याची मुदत सरल्याची जाणीव होते.

काकांनीही मधल्या पाटाच्या काठावर बसून एकच विचारले, “इथं पाणी येत कुठून हुतं?” त्यांचा प्रश्न माझ्या साऱ्या मीमांसेपेक्षा अधिक मुद्द्याचा होता. या नगराला पाणी दिले ते मलिक अंबराने. हबशी गुलाम म्हणून दक्षिणेत आलेला हा पुरुष पुढे निजामशाहीचा वजीर झाला, 1610 साली त्याने खडकी, म्हणजेच पुढचे औरंगाबाद, हे गाव वसवले, आणि उत्तरेकडील डोंगरांच्या पोटातील झरे भुयारी नहरींनी अडवून ते पाणी केवळ उताराच्या बळावर नगरात आणले. त्याने घालून दिलेल्या धाटणीवर पुढे आणखी नहरी झाल्या. त्यांपैकी पाणचक्कीची नहर मला सर्वांत प्रिय आहे, कारण तेथे उंच भिंतीवरून हौदात कोसळणारे पाणी शोभेचेही आहे आणि कामाचेही. त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि बाबाशहा मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी व वाटसरूंसाठी पीठ निघे. सौंदर्य आणि उपयोग यांची फारकत करून मग त्यांतील कोणते धर्माला अधिक जवळचे असा वाद घालणाऱ्या पंडितांनी त्या हौदाच्या काठी, वडाच्या सावलीत, घटकाभर बसून यावे.

किंबहुना वैराग्याचा आणि सौंदर्याचा उभा दावा आहे, ही समजूतच या परिसरात टिकत नाही. मकबऱ्याच्या मागे, थोड्याच अंतरावर, डोंगरात बौद्ध लेणी आहेत. घरदार सोडून आलेल्या भिक्षूंसाठी खोदलेल्या त्या विहारांपैकी सातव्या लेण्यात, प्रत्यक्ष गाभाऱ्यात, बुद्धमूर्तीच्या शेजारी एक नर्तकी आणि तिच्या भोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. ज्यांनी संसार टाकला त्यांना नृत्य टाकावेसे वाटले नाही. तेव्हा बाग आहे म्हणून भोग आणि बाग नाही म्हणून वैराग्य, हे गणित इतके सरळ नाही.

खुल्दाबादेस गेल्यावर ते अधिकच बिघडते. बादशहाच्या नावावर जे मृत्युपत्र सांगितले जाते त्यात, स्वतः टोप्या शिवून मिळवलेल्या चार रुपये दोन आण्यांतून कफनाचा खर्च भागवावा, कुराणाच्या प्रती लिहून मिळालेले तीनशे पाच रुपये फकिरांत वाटावेत, आणि कबरीवर छत घालू नये, अशी आज्ञा आहे. येथेही आणे आलेच. सात आण्यांपर्यंतचा खर्च राणीच्या नावे आणि दोन आण्यांपर्यंतची मिळकत बादशहाच्या नावे, असा हा एका संसाराचा ताळेबंद आहे. ज्या माणसाच्या खजिन्यात काबूलपासून जिंजीपर्यंतचा वसूल येत होता त्याने चार रुपयांत निजण्याची इच्छा धरावी, हे हृदयस्पर्शी आहे यात शंका नाही. परंतु मेल्यानंतर छताची गरज कोणाला असते? ज्याचा त्याग करण्यास काही किंमत पडत नाही त्याच्या त्यागाला वैराग्य म्हणता येईल काय?

योगवासिष्ठात शिखिध्वज राजाची कथा आहे. राज्य टाकून तो वनात जातो आणि आपण सर्वत्याग केला असे मानून तप करीत बसतो. त्याची ज्ञानी राणी चूडाला कुंभ नावाच्या ऋषिपुत्राच्या वेषाने येऊन त्याला सांगते की तुझा सर्वत्याग अजून झालेला नाही. राजा पर्णकुटी टाकतो, कमंडलू टाकतो, जपमाळ आणि मृगाजिन अग्नीत घालतो, आणि तरीही झाले नाही असे ऐकून अखेर देह कड्यावरून लोटून देण्यास सिद्ध होतो. तेव्हा ती त्याला थांबवते आणि म्हणते की टाकायचे आहे ते चित्त, बाकीच्या वस्तूंनी तुझे काय बिघडवले होते? ही कथा मला त्या मातीच्या वाफ्यापाशी उभे असताना दर वेळी आठवते. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे ज्याने दख्खनच्या मुलखात छावण्या हलवीत, किल्ल्यामागून किल्ला घेत आणि गमावीत काढली, त्याने मृगाजिन जाळले असेल, पण चित्त तंबूतच राहिले.

पुढे जगानेही त्या साधेपणाची गय केली नाही. लॉर्ड कर्झनच्या वेळी निजाम सरकारच्या तजविजीने कबरीभोवती संगमरवरी जाळी आली, खाली संगमरवरी फरशी आली, आणि मध्ये तेवढी माती उघडी राहिली. त्या मातीत सब्ज्याचे रोप असते. काका बराच वेळ ते न्याहाळत होते, मग मला हळूच म्हणाले, “ह्या रोपाला पाणी कोण घालतंय रे?” मुजावराकडे बोट दाखवून मी म्हटले, “त्या लोकांकडे असंल काम.” काका म्हणाले, “म्हणजे नोकर हायेच की इथंबी.” या वाक्यात त्यांना कोणाची टवाळी करायची नव्हती. त्यांनी एक वस्तुस्थिती नोंदवली होती, आणि ती अशी की, बारा बैलांच्या गाड्यांनी ओढून आणलेले उद्यान असो की चार रुपयांची कबर असो, दोहोंनाही रोज सकाळी कोणीतरी पाणी घालणारा लागतो.

याच गावाच्या मातीत मलिक अंबराची कबर आहे, पहिला निजाम आसफजाह आहे, आणि शेख बुर्‌हानुद्दीन गरीब आहेत, ज्यांच्या चिश्ती पंथात गायनश्रवण हा ईश्वराकडे जाण्याचा मार्ग मानला गेला. दरबारातून गवयांना रजा देणाऱ्या बादशहाने शेवटच्या निद्रेसाठी चिश्ती सत्पुरुषांचा शेजार मागावा, ही विसंगती इतिहासकारांनी पुष्कळदा नोंदवली आहे. मला ती विसंगती वाटत नाही, मागणी वाटते. माणूस शेवटी तेच मागतो जे त्याच्याजवळ नसते.

आमच्या जिल्ह्यातील औंढा नागनाथाची कथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ती सर्वांना ठाऊक असली तरी. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेव संतापले, तेव्हा विसोबा म्हणाले, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. या कथेचा रोख मूर्तीवर नाही, तटावर आहे. पवित्र जागा आणि बाकीची जागा, स्वर्गीय चौक आणि बाहेरचा रस्ता, असा जो तट आपण मनात घालतो तो विसोबांनी एका वाक्यात जमीनदोस्त केला. या कसोटीवर राणीचे उद्यानही उतरत नाही आणि बादशहाचा वाफाही उतरत नाही, कारण दोहोंना आवार आहे. खरे वैराग्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन की ज्याच्या कबरीची आपल्याला वार्ता नाही त्याचे. आणि असे पुरुष किती होऊन गेले हे अर्थातच सांगता येणार नाही.

मग या दोन स्थळांना कोणत्या रुमालात बांधावे? मला वाटते, पहिले प्रेमाचे आहे आणि दुसरे अनुतापाचे. 1637 मध्ये विवाह झालेली दिलरसबानू 1657 च्या ऑक्टोबरात, अकबर नावाच्या पुत्राला जन्म दिल्यानंतर अवघ्या महिन्याभरात, औरंगाबादेस वारली. आणि पुढच्या काही महिन्यांतच तिचा पती भावांशी सिंहासनासाठी लढण्यास उत्तरेकडे निघून गेला. त्या युद्धात तो काय काय झाला हे जगाला ठाऊक आहे. मात्र त्या कठोर माणसाच्या आयुष्यातील एवढी एकच गोष्ट अशी आहे की जी राजकारणाच्या कोणत्याही हिशेबात बसत नाही, आणि ती म्हणजे ही बाग. दुःखाला त्याने वाटा, वृक्ष आणि पाणी यांचे रूप दिले, त्यामुळे तीनशेहून अधिक वर्षांनी गोरेगावच्या एका माळकऱ्याला त्यातून फिरता आले; शोक भिंतीच्या आत कोंडून घेण्यापेक्षा परक्यांच्या पावलांसाठी मोकळा ठेवणे, हे धर्माच्या दृष्टीने लहान कृत्य नव्हे. भोगाचा आरोप या बागेवर करणारांनी, तिच्यात विहार करायला ती राणी कधीच आली नव्हती, एवढे ध्यानी धरावे.

भोगासाठीच लावलेली बाग पाहायची असेल तर दिल्ली दरवाजाच्या बाजूची हिमायत बाग पाहावी. मोगलांची ती फळबाग निजामाकडे आली आणि आता परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र तेथे आहे. पहाटे फिरायला येणारे लोक आंब्या-चिंचांच्या सावलीतून निवांत चालतात आणि सरकारी बाग म्हणून तिची उपेक्षाही करतात. काकांना सर्वांत जास्त तेथे रमलेले पाहिले. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, कारण त्या बागेला कोणताच पारमार्थिक प्रश्न पडलेला नाही.

अनुतापाविषयी मात्र बोलले पाहिजे, कारण बादशहाच्या कबरीचा मान त्यावर ठरतो. अखेरच्या दिवसांत पुत्रांना लिहिलेली म्हणून जी पत्रे त्याच्या नावे प्रसिद्ध आहेत, त्यांत आपण कोण आहोत आणि काय करीत आलो हे आपल्याला कळले नाही, पापांचे ओझे तेवढे सोबत नेत आहोत, अशा अर्थाचा आक्रोश आहे. वारकरी पंथात अनुतापाला मोठे स्थान आहे, तो दरवाजा मानला जातो. काकांशी परतीच्या वाटेवर याच विषयावर माझे बोलणे झाले, आणि त्यांचे म्हणणे असे पडले की अनुताप झाला तर तो हातांत दिसला पाहिजे. हा निकष लावला की मामला बादशहाविरुद्ध जातो. 1689 मध्ये संभाजीमहाराजांचा वध त्याच्या हुकमाने झाला, आणि त्याच वर्षी रायगड पडल्यावर येसूबाई व बालक शाहू त्याच्या कैदेत आले. 1707 मध्ये भिंगारच्या छावणीत प्राण सोडेपर्यंत, म्हणजे ती पत्रे लिहिण्याच्या काळातही, त्या कैदेच्या कुलपाची किल्ली त्याच्याच हाती होती. ती फिरवली गेली नाही. शाहूंची सुटका झाली ती त्याच्या मृत्यूनंतर, आझमशहा या त्याच्या पुत्राच्या राजकीय सोयीसाठी.

तरी या हकीकतीत एक उपकलम आहे. कैदेच्या त्या वर्षांत शाहू आणि येसूबाई यांची ज्या एका शहजादीने आस्थेने देखभाल केली असे इतिहास सांगतो ती झीनतुन्निसा, आणि झीनतुन्निसा ही दिलरसबानूची मुलगी. सुटल्यानंतर दक्षिणेत येताना शाहूमहाराज खुल्दाबादेस जाऊन बादशहाच्या कबरीचे दर्शन घेऊन गेले, असेही सांगतात. आपल्या पित्याचा वध करवणाऱ्याच्या कबरीपाशी ते कोणत्या भावनेने गेले याचा उलगडा करण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. काकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी त्यावर काही भाष्य केले नाही. फक्त येसूबाईंचे पुढे काय झाले असे विचारले. त्या 1719 पर्यंत मोगलांच्या ताब्यात होत्या, आणि दिल्लीहून त्यांना सोडवून आणले ते बाळाजी विश्वनाथाने.